सासूबाईंच्या पीचची फांदी

पीचच्या झाडाची एकच फांदी तोडायची, एवढंच योन्तेनने ठरवलं होतं. झाड सासूबाईंचं होतं. (घरही सासूबाईंचंच. भूतानमध्ये, पारोच्या खोऱ्यात लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, आणि योन्तेन तर अंथरूण नि धनुष्य एवढंच घेऊन आला होता.)

सात वर्षं तो गावच्या संघातून बाण मारत होता. बाण निशाणाच्या फळीला लागला की तिरंदाजाच्या कमरेला रंगीत फडकं खोवतात. योन्तेनची कंबर कोरी ती कोरीच. त्याचा बाण न चुकता उजवीकडे जायचा आणि तो न चुकता बांबूच्या धनुष्याला शिव्या घालायचा. शेवटी संघाचा म्होरक्या रिंझिन वैतागला.

"नववर्षाच्या सामन्यात एक तरी बाण लागला पाहिजे. नाही तर पुढच्या वर्षीपासून तू बायकांबरोबर भाताच्या टोपाशी."

"सगळ्या गावासमोर?"

"भात गावासाठीच असतो ना?"

योन्तेनने ज्योतिषी गाठला. ज्योतिष्याने पोथी उघडली, बोटं मोजली आणि सांगितलं, "तुझं नि बांबूचं जन्मापासून वाकडं आहे. फळझाडाचं लाकूड घे." घरी फळझाड एकच होतं, आणि त्याच्या पीचची दारू सासूबाई जिवापाड जपत.

सासूबाई आठवडाभर तीर्थाला गेल्या आणि योन्तेनने फांदीवर कोयता चालवला. थंडीत झाडाकडे कुणी फिरकत नसे. फळझाडाचं लाकूड घाईने वाळवलं की तडकतं. ते दोन-अडीच महिने सावलीत ठेवावं लागतं. त्याने ते पाहुण्यांना घालतात तसल्या पांढऱ्या रेशमी उपरण्यात गुंडाळलं आणि देवघरात मूर्तीशेजारी उभं केलं. तिथली वस्तू कुणी हलवत नाही.

"आईला दिसलं तर?" बायको छिमी म्हणाली.

"तुझी आई देवघरात डोळे मिटूनच बसते."

सासूबाई परत आल्या त्या नेमक्या डोळे उघडे ठेवून. "छिमी! हे कुणी ठेवलं गं इथे?"

छिमी लोणी घुसळत होती. गडबडून म्हणाली, "एक... एक लामा येऊन गेले."

"कुठले?"

"घाईत होते."

सासूबाईंनी तिथल्या तिथे तीन दंडवत घातले आणि लोण्याचा दिवा लावला. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, फांदीला कंबर टेकवून गेली आणि तिची दुखणारी कंबर बरी झाली. (दोन दिवस ती कामाला गेली नव्हती, हे कुणी लक्षात घेतलं नाही.) मग रांगच लागली. महिन्याभरात फांदीच्या अंगावर अकरा उपरणी चढली. योन्तेनला मात्र नवा कोट मागून तीन वर्षं झाली होती.

एका सकाळी त्याने दाराआडून ऐकलं. सासूबाई फांदीपुढे हात जोडून बोलत होत्या. "महाराज, जावई मनाचा चांगला आहे, हाताचा नाही. त्याला एक बाण लागू द्या. मला त्याच्या हातचा भात खायला लावू नका."

योन्तेनला भडभडून आलं. आत्ता पाय धरून सगळं सांगून टाकावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं. मग भाताचा टोप आठवला.

सामन्याला आठ दिवस उरले तेव्हा त्याने फांदी काढली आणि उपरण्यांत कुदळीचा दांडा सरकवला. गोठ्यात बसून त्याने धनुष्य तासलं. मधोमध एक गाठ आली, तिच्यापायी ते डावीकडे ओढायला लागलं. आता तासायला लाकूडच उरलं नव्हतं, म्हणून त्याने तसंच ठेवलं. घरात सासूबाई आठ दिवस कुदळ शोधत होत्या.

सामन्याच्या दिवशी त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहून पलीकडच्या गावाची पिसं काढत होत्या. "अरे, बाण कुठे चालला तुझा? बायकोने घरी बोलावलंय का?" योन्तेनची पाळी आली तशा त्यांनी हात जोडले. फक्त ओठ हलत होते.

योन्तेनचा हात नेहमीप्रमाणे उजवीकडे गेला. धनुष्य डावीकडे ओढत होतं. दोघांच्या भांडणात बाण सरळ गेला आणि फळीला टक्कन लागला.

संघ गोल धरून नाचला. रिंझिनने त्याच्या कमरेला पिवळं फडकं खोवलं. योन्तेन ढसाढसा रडला. सासूबाई तर महाराजांना नवं उपरणं चढवायला घरी धावल्या.

परत आल्या त्या कुदळीचा दांडा घेऊन. दांड्यावर त्यांच्याच पानाच्या चुन्याची बोटं उमटलेली होती.

"योन्तेन, धनुष्य दाखव." त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. "ही गाठ माझ्या पीचची. हिला मी वर्षानुवर्षं मिरच्यांच्या माळा अडकवल्यात."

"आई, चुकलो," योन्तेन म्हणाला, आणि होतं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं.

आता दांडा पाठीत बसणार म्हणून त्याने डोळे मिटले. पण सासूबाईंनी धनुष्य कपाळाला लावलं. "म्हणजे अडीच महिने मी याच्याच पाया पडले! रिंझिन, सांग आता, बाण कुणी मारला?"

"मी!" योन्तेन म्हणाला.

रिंझिनने डोकं खाजवलं आणि स्वतःचं बांबूचं धनुष्य त्याच्या हातात दिलं. "मग आता यानं मार."

योन्तेनने नेम धरला, श्वास रोखला आणि बाण सोडला. बाण उजवीकडे गेला. चुलीजवळच्या बायका किंचाळत पळाल्या आणि भाताचा टोप टण्णकन वाजला.

"निशाण त्याने स्वतःच निवडलं," रिंझिन म्हणाला.

आता पीचचं धनुष्य देवघरात असतं. सामन्याच्या दिवशी संघातल्या ज्याचा मान असेल तो त्याला नमस्कार करून घेऊन जातो. योन्तेनच्या कमरेला मात्र पिवळं फडकं अजून असतं. भाताच्या टोपाचं गरम झाकण त्याला त्या फडक्यानेच उचलावं लागतं.