गोठ्यामागचा मुलगा

नोलुंदी लग्न होऊन आमच्या लुसिकिसिकी गावात आली, तेव्हा सासरच्या फाटकातून आत शिरण्याआधीच 'फाटक' हा शब्द तिच्या तोंडातून कायमचा गेला. सासऱ्यांचं नाव सांगो. आमच्या भाषेत फाटकाला तेच म्हणतात. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्या नावासारखा ऐकू येणारा शब्दही उच्चारायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मग शेळ्या सुटल्या की ती "आई, आत यायची जागा उघडी राहिली" असं ओरडायची, आणि तिचं वाक्य संपेपर्यंत शेळ्या शेजारच्या मामतोलोच्या मक्यात पोचलेल्या असायच्या.

तेही एक वेळ निभावलं. खरी पंचाईत झाली ती गांज्याची. गांज्याला आमच्याकडे इन्त्सांगू म्हणतात, आणि त्या शब्दातही सासरेबुवा मधोमध बसलेले.

सांगोने तीस वर्षं बस चालवली आणि गुडघे बसमध्येच ठेवून तो घरी आला. डोंगरावरचा साधा गांजा त्याच्या गुडघ्यांना पुरेना, म्हणून केपटाऊनच्या भाच्याने कसलंसं भारी बी पाठवलं. फुलावर आलं की वासाने माणूस वाट चुकतो आणि दोन झुरक्यांत आपल्याला गुडघे आहेत हेच विसरतो, अशी भाच्याची वर्णनं. घरापुरतं, लोकांच्या नजरेआड लावायला आता कायद्याची ना नाही. अडचण सांगोच्या बायकोची होती. माभेले ही चर्चच्या माता प्रार्थना मंडळाची अध्यक्षा.

"कायद्याला चालत असेल, मंडळाला चालत नाही," ती म्हणाली. "लावायचं तर लावा. पण कुणाला दिसता कामा नये, आणि माझ्या घरात त्याचं नाव निघता कामा नये."

पाण्याच्या टाकीमागे जुने पत्रे उभे करून सांगोने टबांत बी पेरलं. त्यातली दोनच रोपं तगली. तोवर सासरा आणि सून यांच्यात "जेवण झालं का" आणि "झालं" यापलीकडे बोलणं नव्हतं. रोपांनी ते सुरू केलं. पाणी नोलुंदी घालायची, किडे ती वेचायची, आणि सांगो उलट्या बादलीवर बसून सूचना द्यायचा. नाव घ्यायची सोय नव्हती म्हणून दोघंही त्यांना 'बाळं' म्हणू लागले. नवरा मोंदे केपटाऊनला नोकरीला, नाताळात येऊन नव्या वर्षाला परत जाणारा. त्या परक्या घरात टाकीमागची ती जागा तेवढी नोलुंदीला आपली वाटायची.

फेब्रुवारीत सांगोच्या डोळ्याचा पडदा सरकला. उम्टाटाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी त्याला पालथं पडून राहायला सांगितलं. एका डोळ्याला पट्टी, दुसरा आधीच अधू. तो तिथेच बहिणीच्या घरी पालथा पडला आणि तिथून सुनेला फोन करू लागला. फोटो पाठवून उपयोग नव्हता, सगळं तोंडीच सांगावं लागे. शिवाय आमच्या भागात फोन लागतो तो मोजक्या जागी. सांगोच्या घरी तो लागायचा कुंपणाच्या कोपऱ्यात, आणि कुंपणाच्या पलीकडे मामतोलो कपडे वाळत घालायची. तिच्याकडे कपडे फार नव्हते, पण ती दिवसभर वाळत घालायची.

एके दिवशी मामतोलोला ऐकू आलं ते असं:

"हो बाबा, दोन्ही बाळं छान आहेत... कळलं ना आता. एक मुलगी आहे, एक मुलगा... नक्की नक्की, मी नीट बघितलं... मुलाचं?... काढूनच टाकायचं? बाबा, इतका वाढलाय हो... नाही, आईंना कशाला सांगू... बरं. आजच काढते."

पलीकडून सांगो काय म्हणाला ते मामतोलोला कसं ऐकू यावं. तो म्हणाला होता की नराचा पराग उडाला तर मादीच्या फुलांत बिया भरतात, मग ना वास राहत ना जोर, सगळी मेहनत मातीत जाते. तेव्हा नर दिसला की उपटायचा.

मामतोलोच्या हातातली ओली चादर खाली पडली. जुळं! आणि म्हातारा सांगतोय, मुलगा काढून टाक! मग तिने बोटं मोजली. मोंदे आला नाताळात. मुलगा की मुलगी हे कळायला पाचएक महिने तरी लागतात. तिने दोनदा मोजलं, हात बदलून मोजलं, हिशेब काही केल्या नाताळाला जाऊन भिडेना.

मामतोलो चोंबडी होती, पण मनाची वाईट नव्हती. संध्याकाळी ती कुंपणाशी आली आणि नोलुंदीच्या हातात पांढऱ्या मातीचे खडे ठेवले. आमच्या पोटुशा बाया ती माती चघळतात.

"घे. मला पहिल्या खेपेला हीच लागायची."

नोलुंदीला वाटलं, हिने पत्र्याआडून रोपं बघितली, आणि ही तर बाळांसाठी खत देतेय. तिला भरून आलं.

"तुम्हाला कळलं म्हणायचं," ती हळूच म्हणाली.

"मला सगळं कळतं पोरी. त्या मुलाचं काय ठरवलंस?"

"बाबा म्हणतात काढ. सकाळी हातही घातला होता. पण मन होईना. मी वाढवणार त्याला, लपवून ठेवीन. पण बाबांना कळू देऊ नका."

मामतोलोने कुंपणावरून वाकून तिला मिठी मारली आणि पदराने... पदर कुठला, ऍप्रनने डोळे पुसले. नोलुंदीने ते खडे कुटून दोन्ही टबांत घातले आणि मुलाचा टब ओढत ओढत शेळ्यांच्या गोठ्यामागे नेला. मुलापासून मुलीला लांब ठेवायचं एवढंच ना, मग गोठा मध्ये आहे की, असा तिचा विचार.

मामतोलोने शब्द पाळला. ती कुणाला काही बोलली नाही. गुरुवारी मंडळाच्या प्रार्थनेत तिने गणवेशाच्या लाल पोलक्याची कॉलर नीट केली आणि फक्त एवढंच म्हटलं की एका घरासाठी प्रार्थना करा, नाव घेत नाही. सून चांगली आहे, पाऊल वाकडं पडलंय, जुळं आहे, आणि घरातलाच मोठा माणूस एक जीव काढायला सांगतोय.

सगळ्या बायकांना एका क्षणात घर कळलं. कळलं नाही ते फक्त अध्यक्षाबाईंना. माभेले गुडघ्यांवर बसली आणि त्या अभागी घरासाठी इतकी कळवळून प्रार्थना केली की चार जणी रडल्या. "देवा," ती म्हणाली, "त्या सासूचे डोळे उघड. बिचारीच्या नाकाखाली हे चाललंय आणि तिला पत्ता नाही."

बाहेर पडताना खजिनदारबाईंनी तिचा हात दाबला आणि म्हणाल्या, "तुमचं धैर्य मोठं आहे हो, माभेले."

घरी येईपर्यंत माभेलेचे डोळे उघडले होते. ती सुनेला एक अक्षर बोलली नाही, आणि तेच वाईट होतं. तिने बोलणं बंद केलं, हाक मारणं बंद केलं, पाण्याची बादली मात्र स्वतः उचलू लागली. नोलुंदीला वाटलं, बाळांचा वास घरात शिरतोय म्हणून आई रागावल्या. वास खरंच शिरत होता. सगळ्या आळीला वाटत होतं की टाकीखाली उदमांजर व्यालंय. हळूहळू आळीतल्या बायकाही तिला बघून नळावर गप्प होऊ लागल्या. शेवटी आंबट दुधाचा वाडगा पुढे सरकवताना माभेले म्हणाली, "शनिवारी थोरले येताहेत. ते काय ते ठरवतील. तुझी पेटी भरून ठेव."

पेटी भर म्हणजे माहेरी जा. नोलुंदी रात्रभर रडली. आपण काय केलं हेच तिला कळत नव्हतं.

थोरले म्हणजे सांगोचे मोठे भाऊ झानेम्वुला, चर्चचे पंच. काठीवर दोन्ही हात ठेवून ते खुर्चीत बसले. माभेले भिंतीशी, साक्षीला बोलावलेली मामतोलो दाराशी, आणि नोलुंदी डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून चटईवर.

"सूनबाई," झानेम्वुला म्हणाले, "खरं तेच बोल. जुळं आहे?"

"हो."

माभेलेने डोळे मिटले.

"एक मुलगा, एक मुलगी?"

"हो. मुलगा गोठ्यामागे आहे."

मामतोलो मटकन खाली बसली. झानेम्वुलांनी काठी घट्ट धरली.

"कुणाचं आहे?"

"बाबांचं," नोलुंदी म्हणाली.

काठी हातातून सुटली आणि घरंगळत थेट चुलीपाशी गेली. ती उचलायला कुणी उठलं नाही. सगळे असे का बघताहेत ते नोलुंदीला समजेना, म्हणून तिने भीत भीत पुढचं सांगितलं.

"त्यांनीच लावलं. मी फक्त पाणी घालते."

"पाणी?" झानेम्वुला म्हणाले. "कशाला पाणी घालतेस?"

"ते नाव मला घेता येत नाही."

"का येत नाही?"

"तुमच्या भावाचं नाव आहे त्यात."

झानेम्वुला विचारात पडले. मग त्यांचं नाक हललं. खिडकीतून तो वास मघापासून येतच होता, पण दुःखाच्या प्रसंगी पंचाने वासाकडे लक्ष देऊ नये म्हणून ते गप्प होते. आता त्यांनी तो पोटभर आत घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ऊठ," ते म्हणाले. "दाखव मला."

वरात टाकीमागे गेली. माणसाच्या खांद्याइतकी वाढलेली मुलगी उन्हात डोलत होती. मामतोलोने "अगं बाई, हे उदमांजर होय" म्हणून नाकाला ऍप्रन लावला. माभेले मात्र त्या झाडाकडे बघतच राहिली. आठवडेच्या आठवडे ज्याचं नाव तिने घरात निघू दिलं नाही, तेच तिच्यासमोर उभं होतं. तिला हायसं वाटलं, आणि लगोलग वाईटही वाटलं. कारण रागाच्या भरातही रोज दुपारी ती दार लावून लोकरीची एक इवलीशी टोपी विणत होती. मूल कुणाचं का असेना, थंडीत त्याला टोपी लागणारच होती.

झानेम्वुला वाकले. त्यांनी एक फूल बोटांत धरलं, हलकेच चोळलं, तळहातावर झटकलं, आणि डॉक्टर पिशवी बंद करताना उभा राहतो तसे उभे राहिले.

"सुनेचं काही नाही," ते म्हणाले. "गरोदर आहे ती ही. बियांनी भरलीय."

"अशी कशी?" नोलुंदीचा आवाज रडवेला झाला. "मी मुलाला गोठ्यामागे ठेवलं होतं."

"पोरी, गोठा शेळ्यांना अडवतो. वाऱ्याला नाही."

"पण भावोजी," माभेले म्हणाली, "तुम्हाला यातलं इतकं कसं कळतं?"

पंचांना एकाएकी खोकला आला. तो चहा येईपर्यंत थांबला नाही.

पेटी पुन्हा रिकामी झाली. माभेलेने स्वतःच्या हाताने कपडे खुंटीला लावले. माफी मागायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने त्या संध्याकाळी मक्याच्या कण्या आणि घेवडा शिजवून आधी सुनेला वाढलं. पण नोलुंदी कण्या नुसत्या चिवडत राहिली. बाबांनी आयुष्यात एकदाच तिच्यावर काही सोपवलं होतं आणि तिने त्याची माती केली होती.

सांगो पुढच्या आठवड्यात आला. "आई, बाबा आले, आत यायच्या जागेशी आहेत," अशी हाक तिने दिली आणि स्वतः टाकीमागे जाऊन उभी राहिली. सांगो काळा चष्मा लावून, वासाच्या मागावर, हसत हसत तिथवर आला. तिने खाली मान घालून सगळं सांगितलं. त्याने फूल चोळलं. तळहातावर तपकिरी, टपोऱ्या बिया पडल्या. तो बराच वेळ त्या बोटाने मोकळ्या करत राहिला.

"उपटून टाक म्हटलं होतं तुला."

"मन झालं नाही, बाबा."

सांगोने उलटी बादली ओढली आणि तिच्यावर बसला. "म्हणजे यंदा गुडघे दुखणार." मग त्याला हसू आलं. "अगं, एवढं रामायण होण्यापेक्षा नावच घेऊन मोकळी झाली असतीस की थोरल्यांपुढे."

"तुमचं नाव कसं घेऊ?"

"तेही खरंच," सांगो म्हणाला, आणि खूश झाला.

बिया इतक्या झाल्या की त्याने त्या आळीभर वाटल्या. थोरल्यांनी नको नको म्हणत ओंजळभर नेल्या. पुढच्या पावसाळ्यात आळीतल्या प्रत्येक टाकीमागे पत्रे उभे राहिले, आणि उदमांजराबद्दल कुणी चौकशी करेनासं झालं. मंडळाच्या बायका नळावर एकमेकींना विचारू लागल्या, "काय गं, बाळ कसं आहे?" आणि "मुलगी निघाली हो, देवाची कृपा" असं उत्तर मिळू लागलं.

त्याही नाताळात मोंदे येऊन गेला. फेब्रुवारीत एका सकाळी नोलुंदी कुंपणाच्या कोपऱ्यात उभी राहून त्याच्याशी फोनवर बोलत होती.

"बाळ आहे रे. हो, अगदी नक्की. काल दवाखान्यात जाऊन आले."

फोन ठेवून तिने डोळे पुसले. पलीकडे मामतोलो चादर झटकत होती. तिच्या कानावर सगळं पडलं होतं.

"बाळ का?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. माझं यंदा शेळीने खाल्लं. काढलंस की मला दोन फांद्या दे."

मागे स्वयंपाकघराच्या पायरीवर माभेले बसली होती. तिने मांडीवरची पिशवी उघडली, वर्षभर तशीच पडलेली अर्धवट टोपी काढली आणि टाका कुठे सुटला होता ते शोधू लागली.