टेबलावरचे चार गोल

कारखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर डब्यांच्या तळांचे चार गोल डाग पडले होते. डाग कुठल्याही टेबलावर पडतात. पण हे चारही अगदी मधोमध होते, एकमेकांना खेटून. कडेला, जिथे माणूस आपला डबा ठेवून जेवतो, तिथला रंग जसाच्या तसा होता.

कारण साधं होतं. तापमापक बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात कुणी आपला डबा आपल्यापुढे ठेवत नसे. उघडला की मधे सरकवायचा आणि पहिला घास दुसऱ्याच्या डब्यातला घ्यायचा. स्टोअर सांभाळणारे अप्पा, हिशेब पाहणाऱ्या वहिनी, साहेब आणि तपासणी विभागातली ती, जिला सगळे ‘दशांश’ म्हणत, असे चौघे कित्येक वर्षं असेच जेवत आले होते. दशांशला ते नाव शोभायचं. चहा गरम आहे का असं विचारलं तरी तिची नजर आधी तापमापक शोधायची.

याच दशांशला कंपनीच्या परदेशातल्या शाखेने तपासणी विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. उत्तर मात्र ती काही केल्या देत नव्हती.

“अगं, आता अडलंय कुठे?” वहिनींनी विचारलं. “पगार कळला, घर कळलं, हवा कळली.”

“तिथे बाहेरचं एक जेवण आपल्या आठ डब्यांएवढं महाग आहे.”

“मग डबा ने की!”

“नेईन. पण सरकवू कुणाकडे?”

वहिनींनी नुसतीच वांग्याची भाजी तिच्याकडे ढकलली.

तेवढ्यात साहेब आले. “त्या शाखेचे साहेब उद्या दुपारी येतायत. तुझं उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाहीत म्हणे. आणि आणखी एक. ते सगळ्या देशांतल्या शाखांचा जेवणखर्चाचा तक्ता करतायत. इथे बाहेर जेवलं तर एका माणसाला किती पडतं, तो आकडा हवाय.”

“लिहा काहीतरी अंदाजे,” अप्पा म्हणाले.

“अंदाजे?” कुणी शिवी दिल्यागत दशांशने चमचा खाली ठेवला. “न मोजलेला आकडा इथून बाहेर जायचा नाही, अप्पा. आपल्यापैकी कुणी कधी बाहेर जेवलंय तरी का?”

कुणीच जेवलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चौघे कोपऱ्यावरच्या हॉटेलात मोजणीसाठी गेले. जाताना दशांशने नियम सांगितले. प्रत्येकाने आपली प्लेट मागवायची आणि आपलीच खायची. “प्रयोग आहे हा. हात आवरा.”

हॉटेल खच्चून भरलं होतं. एका मोठ्या टेबलावर एकटाच गृहस्थ ऑम्लेट पुढ्यात घेऊन मोबाइल बघत बसला होता. “इथे बसलो तर चालेल का?” साहेबांनी विचारलं. त्याने मान हलवली आणि तो परत मोबाइलमध्ये बुडाला.

प्लेटी येईपर्यंत नियम सगळ्यांच्या लक्षात होते. मग अप्पा स्टोअरमधल्या उंदराची गोष्ट सांगू लागले आणि सांगता सांगता त्यांनी आपली प्लेट मधे सरकवली. पाठोपाठ वहिनींची सरकली, मग साहेबांची आणि तिच्या नकळत दशांशचीही. दशांश बिचारी खाली मान घालून दरपत्रकावरचे आकडे उतरवून घेत होती. कुणी मागे राहिलं नाही ना, हे बघायची वहिनींना सवयच होती. बघतात तर एक प्लेट अजून कडेलाच.

“अहो, लाजताय काय? सरकवा!” असं म्हणून, माणसाकडे न बघताच, त्यांनी ऑम्लेट ओढून मधे घेतलं. पहिला घास अप्पांनी घेतला.

“मिरी छान लागलीय,” अप्पा म्हणाले.

गृहस्थाचा काटा हवेतच राहिला. त्याने दाराकडे पाहिलं, ऑम्लेटकडे पाहिलं. कुणीच काही खुलासा करत नाही असं दिसल्यावर त्याने हळूच साहेबांच्या प्लेटमधला चमचाभर भात घेतला. मग वहिनींची डाळ घेतली.

“एवढंसं काय घेताय? जेवताय की नमुना तपासताय?” वहिनींनी त्याला चांगली वाटीभर वाढली.

दशांशने मान वर केली. “थांबा! ऑम्लेट कुणी मागवलं?”

“साहेबांनी,” अप्पा तोंडातला घास सांभाळत म्हणाले.

“मी? मला अंडं चालत नाही, माहितीय ना तुम्हाला!”

“मग वहिनींनी.”

“मी डाळभात घेतलाय. तुम्हीच खाताय माझा.”

आठ डोळे गृहस्थाकडे वळले.

“अगं बाई! तुमचं होतं होय?”

“होतं,” तो म्हणाला. “आता नाही.”

साहेबांनी धावाधाव करून दुसरं ऑम्लेट मागवलं. ते आलं तसं अप्पांनी शरमेने थेट त्याच्यापुढे ठेवलं. गृहस्थाने त्या ऑम्लेटकडे क्षणभर पाहिलं आणि स्वतःच ते मधे सरकवलं.

बिल एकच आलं. वेटरला हे सगळं एकच कुटुंब वाटलं होतं.

“गेला प्रयोग!” दशांश म्हणाली. “कुणी किती खाल्लं, काही पत्ता नाही. एका माणसाचा आकडा यातून निघणंच शक्य नाही.”

“आता त्या परदेशच्या साहेबाला काय सांगायचं?” अप्पा कळवळले. “शेजाऱ्याचं ऑम्लेट खाल्लं म्हणून?”

“सांगायची गरज नाही,” गृहस्थ म्हणाला. “त्याने पाहिलंय. ऑफिसात शिरण्याआधी पोटभर जेवून घ्यावं म्हटलं होतं.”

साहेब उभे राहिले. मग खाली बसले आणि परत उभे राहिले.

“बसा, बसा,” पाहुणा हसला. “तक्त्यात आमचा आकडा सगळ्यात मोठा आहे. इथलं दरपत्रक पाहता तुमच्या आठपट. आणि एवढे पैसे मोजून आम्ही जेवतो भिंतीकडे तोंड करून. प्रत्येकाचं छोटं टेबल. ‘मिरी छान आहे’ हे सांगायलासुद्धा समोर कुणी नसतं.”

हे ऐकताच वहिनी सरसावल्या. “मग चौघांनी एकत्र बसायचं की! एका जेवणात चार चवी. आठाला चाराने भागा. एक चव पडली दुप्पट भावाला. काही एवढी महागाई नाही गं तिथे!”

हिशेब साफ चुकीचा होता. चार चवी इथेही होत्या. भागायचं तर दोन्हीकडे भागायला हवं होतं आणि आठपट ते आठपटच राहत होतं. दशांशने तोंड उघडलं. अप्पांनी चमचा खाली ठेवला. चुकलेला आकडा तिने आजवर कधी सोडला नव्हता.

तिने वहिनींकडे पाहिलं. ज्यांच्या हिशेबात इतक्या वर्षांत एकही खाडाखोड सापडली नव्हती, त्या वहिनी अगदी मन लावून भाताची शितं गोळा करत होत्या.

दशांशने पेनाला टोपण लावलं.

“ती छोटी टेबलं,” तिने पाहुण्याला विचारलं, “जमिनीला ठोकलेली आहेत, की सरकवता येतात?”

“येतील सरकवता. अजून कुणी सरकवली नाहीत.”

“मग मी येते,” ती म्हणाली.