हैमवतीबाई सबनीस यांणीं आपणांशींच तह केला त्याची हकीकत

श्री. जिच्या उदरीं त्रैलोक्य नऊ मास राहोन सुखरूप बाहेर पडलें, त्या आदिमायेस दंडवत. शके १९४१, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं मोठ्या इस्पितळाच्या राज्यांत जें वर्तमान घडलें, तें जैसें कानीं आलें तैसें लिहिलें असे.

ते राज्यीं दोन दौलती होत्या. एक सूतिकागृहाची, जेथें बायका बाळंत होत, आणि दुसरी विद्येची, जेथें त्या कशा बाळंत होतात याचे प्रबंध होत. दोहींचे मध्यें लांब पडवी, आणि पडवींत दोन खुंट्या. दोन्ही दौलतींचा कारभार एकाच बाईंकडे, त्या हैमवतीबाई सबनीस. देह एकच, परंतु एका खुंटीवरील हिरवा अंगरखा चढविला म्हणजे त्या वैद्य, आणि तो उतरोन दुसऱ्या खुंटीवरील तपकिरी शाल पांघरली म्हणजे पंडित, ऐसा शिरस्ता. आणि एकीनें दुसरीची भीड धरिली तर प्रबंध बाटतो म्हणोन दोघींनीं थेट बोलूं नये, जें पुसणें तें वकिलामार्फत पुसावें. ही वकिली सूतिकागृहाच्या जुन्या परिचारिका सिस्टर मार्था यांजकडे, आणि त्यांचे गुडघे त्या पडवीनेंच गेले.

बाईंचा प्रबंध ऐसा कीं, कळा देतेसमयीं उशाशीं कोणी हात धरोन बसलें तर बाळंतपण सुकर होतें कीं नाहीं. आतां हें कोणत्याही बाईस पुसलें असतें तर तिनें भाजी निवडतां निवडतां सांगितलें असतें, परंतु शास्त्रास पुरावा लागतो. मग तांब्यांत सुपाऱ्या ठेविल्या. हळद लाविलेली निघाली तर उशाशीं आपलें माणूस, आणि कोरी निघाली तर राज्याचे चालीप्रमाणें नातलग दाराबाहेर आणि बाई आंत एकटी. जिची राजीखुशी तिनेंच तांब्यांत हात घालावा, आणि मन फिरलें तर केव्हांही नांव काढोन घ्यावें. ऐशा बायका जमवितां दोन वर्षें गेलीं, आणि हळदीचें पारडें जड होऊं लागलें, आणि शास्त्र ज्यास फरक म्हणतें तो फरक केसाएवढा दिसूं लागला, आणि एकच बाई उरली. हुजूर म्हणजे इस्पितळाचे अधिष्ठाते, त्यांणीं फर्माविलें कीं, प्रबंध सिद्ध जाहला तर बाईंस प्राध्यापकीचीं वस्त्रें देऊं, नाहींतर त्या वस्त्रांस दुसरें अंग पाहूं.

ती शेवटली बाई शेवंता गायधने. तिचें पहिलें मूल दुसऱ्या मुलुखीं बाळंतपणांतच गेलें, ते समयीं खोलींत कोणी नव्हतें. म्हणोन आठव्या मासीं तपासणीस आली तेव्हां तिनें हिरव्या अंगरख्याची बाही धरोन पुसलें, "बाई, तुम्ही असाल ना जवळ?" वैद्य बोलिल्या, "असेन." मग त्याच सप्ताहांत शालीतल्या बाईंनीं प्रबंध समजाविला, तो ऐकोन शेवंतानें तांब्यांत हात घातला, आणि सुपारी कोरी निघाली. येथें जी चूक जाहली ती दुसऱ्या कोण्या राज्यीं होणें नाहीं. एकाच बाईंनीं एकाच बाईशीं दोन करार केले, आणि दोघींनीं एकमेकींस पुसलें नाहीं.

पुढें एके दिवशीं सकाळीं कळांची फौज चालोन आली. शेवंतास आंत घेतलें, सासू गजराबाई दाराशीं बसली, आणि हैमवतीबाई खुंट्यांमध्यें अडकल्या. मार्था बोलिली, "तुम्हीच तुम्हाला काय ते सांगा ना बाई. माझ्यानं चालवत नाही."

"शिरस्ता आहे, मार्था."

"बरं. अंगरख्यातल्या बाई म्हणतात, शब्द दिलाय, मी बसणार."

शाल बोलिली, "त्यांना सांगा, सुपारी कोरी आहे. त्या बसल्या तर दोन वर्षं मातीत."

मग शाल उतरली, अंगरखा चढला. "त्यांना सांगा, सुपारीला पोट नसतं."

मग अंगरखा उतरला, शाल चढली, आणि शालीनें ती कोरी सुपारी पुन्हा उलटसुलट करोन पाहिली. गजराबाई हें पाहात होती. ती मार्थास पुसे, "ही बाई एकटीच भांडतीया व्हय?"

"नाही मावशी, दोघी आहेत."

"मग मधी पडा की कुणीतरी. माझी सून आत वरडतीया."

मग मसलत होऊन तह ठरला तो ऐसा: वैद्यांनीं आंत जावें, कारण वैद्याविना इलाज कोठें. तपासणीपुरतें वळावें. एरवीं भिंतीकडे तोंड करोन उभें राहावें, हात धरूं नये, धीराचा शब्द बोलूं नये. तहावर बाईंनीं एक निशाणी उजव्या हातें केली आणि एक डाव्या हातें, आणि आंत जाऊन भिंतीस सन्मुख उभ्या राहिल्या.

दोन कळा गेल्यावर शेवंता बोलिली, "बाई, भिंतीला काय झालंय?"

"काही नाही."

"मग इकडं बघा की. पाठीकडं बघून कोण कळा देतं?"

बाई न वळतां बोलिल्या, "तुझी सुपारी कोरी आहे, शेवंता. तू म्हण, मी नाव काढून टाकते आणि हात धरते. तुझा हक्कच आहे तो."

"नाव नाही काढायचं. दुसऱ्या बायांच्या कामी येईल म्हणालात. मी शब्द दिलाय."

"मग मला हात धरता येत नाही."

"शब्द तुम्ही पण दिलाय."

इतक्यांत मोठी कळ आली, शेवंतानें हात पुढें केला, आणि तह तत्क्षणीं बुडाला. बाई वळल्या, उशाशीं बसल्या, हात धरिला तो सोडिला नाहीं. मध्यें मध्यें त्याच हातानें तपासणी करावयाची म्हणोन मोठी ओढाताण जाहली. दुपार चढली, वाट अवघड, पोट चिरावें लागतें ऐसें सर्वांचे मनीं आलें, आणि शस्त्रांची मांडामांड जाहली. बाई नाडी आणि बाळाचे ठोके पाहात आणि म्हणत, "अजून थोडं, शेवंता. आहे मी." मग चिरफाड न होतां मुलगी जाहली, आणि इतकें रडली कीं गजराबाई दाराबाहेरूनच म्हणाली, "आली गं बया, भांडायलाच आली." बाईंचेही डोळे भरले, ते त्यांणीं अंगरख्यासच पुसले. शालीस कळूं दिलें नाहीं.

मग शाल पांघरोन हिशेबास बसल्या. मार्था बोलिली, "हळदीत टाका. हात धरला होतात ना?"

"जी सुपारी निघाली त्याच पारड्यात बाई ठेवायची, मार्था. मधे काय घडलं ते बघायचं नाही. नाहीतर जो तो आपल्या सोयीनं बायका इकडच्या तिकडे करील."

"मग हात धरल्याचं श्रेय एकटं सोडण्याला?"

"हो."

"निदान नाव तरी गाळा. मी काही बोलणार नाही."

"ती म्हणाली, नाव काढायचं नाही."

मग शेवंताचें सुखरूप बाळंतपण कोऱ्या पारड्यांत पडलें, आणि तो केसाएवढा फरक नाहींसा जाहला. हुजुरांनीं प्रबंध वाचोन पुसलें, "म्हणजे उशाशी कोणी असण्यानं फरक पडतो, हे सिद्ध होत नाही?"

"होत नाही, सर."

"आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"कोणत्या मला?"

हुजुरांनीं पाणी मागविलें. वस्त्रें मुगुटराव नाडगौडा यांस मिळालीं, ज्यांचे सर्व प्रबंध सिद्ध होत, कारण सूतिकागृहाचा वारा त्यांस लागला नव्हता. हैमवतीबाई पडवींतून परतल्या, अंगरखा चढविला, आणि हुकूम केला कीं आजपासून प्रत्येक बाईच्या उशाशीं तिचें एक माणूस बसेल. मग शाल घेतली आणि मार्थाहातीं आक्षेप धाडिला कीं, यास पुरावा काय. मार्था गुडघे धरोन पडवीपार गेली, आक्षेप पोंचविला. वैद्यांनीं तो ऐकिला, मान डोलाविली, आणि दार उघडिलें. मग बाहेर ताटकळलेल्या आया, सासवा, बहिणी चपला काढोन आंत गेल्या.

एवंच, उशाशीं बसल्यानें गुण येतो हें ते राज्यीं सिद्ध जाहलें नाहीं, आणि तेव्हांपासून तेथें कोणी बाई एकटी बाळंत जाहली नाहीं. इतकें वर्तमान.