उतारावरचं लोणी

पराठ्यावरचं लोणी मधोमध वितळत नव्हतं. आधी त्याची कड पारदर्शक झाली, मग पांढरा गोळा बेटासारखा हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागला. म्हणजे टेबल उतारावर आहे, विनयाने नोंद केली. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला रविवारीही सुट्टी नसते.

गुडगावच्या त्या नव्या सेक्टरात अर्धी घरं उभी होती, उरलेल्या प्लॉटांवर मोहरी पिवळी झाली होती. धुकं नुकतंच विरलं होतं आणि दुपारचं ऊन स्वप्नातल्यासारखं मऊ होतं. घरमालकीण पानिपतला गेलेली, त्यामुळे जेवण बंद. ऑफिसातला चिराग म्हणाला होता, "नुक्कड़ पे नया ढाबा खुला है यार, शामियाना लगा है." निळा शामियाना दिसला तशी विनया आत जाऊन एकटीच बसली. पुण्यातल्या जुन्या प्रयोगशाळेने तिची जागा तीन महिने राखून ठेवली होती. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. आईला ती दर रविवारी सांगत आली होती, "बघते."

पहिला पराठा संपला. पानात काही टाकायचं नाही, ही आईची शिस्त. विनयाने ताटली पुसून लख्ख केली.

"हाय, खाली प्लेट!" एक गोरी, ठेंगणी म्हातारी ओरडली. सगळे तिला बीजी म्हणत होते. "बच्ची भूखी बैठी है और तुम लोग गप्पें मार रहे हो?"

दोन पराठे आले. विनयाने संपवले. आणखी दोन आले. तेव्हा तिने वेग कमी करून पाहिला. तर बीजी म्हणाली, "ठंडा हो गया, बेटा," आणि गरम पराठा आणला. ताटलीवर हात आडवा धरला, तर छोल्यांचा डाव हाताला वळसा घालून आला.

"बस, बीजी, सच्ची बस!"

"सब यही कहते हैं," बीजी मायेने म्हणाली आणि खीर वाढली.

ताटली रिकामी होते म्हणून भरली जाते, आणि भरली जाते म्हणून रिकामी करावी लागते. चक्र विनयाच्या ध्यानात आलं. सुटण्याचा मार्ग एकच होता. तिने डोळे मिटले आणि अर्धा पराठा ताटलीत तसाच ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

बीजी प्रसन्न झाली. "अब पेट भरा!"

"बिल दे दो, जी," विनया हळूच म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मग विनयाला शामियान्यामागचं कोरं घर दिसलं, दाराला लावलेली झेंडूची माळ, हळदीच्या हातांचे ताजे ठसे. गृहप्रवेश!

"माफ करना, मेरे को लगा ढाबा है..." ती कानापर्यंत लाल झाली. "बिना बुलाए..."

"मुझे तो तभी पता था जब तू आई," बीजी म्हणाली. "यहाँ सब नए हैं, सबने सोचा किसी और की मेहमान होगी. मैंने देखा, लड़की अकेली बैठी है. बस." ती हसली. "और हमें सैंतालीस के बँटवारे में किसने बुलाया था दिल्ली?"

लोणी आता पूर्ण वितळलं होतं. ताटलीच्या दक्षिण काठाशी त्याचं छोटंसं सोनेरी तळं झालं होतं. विनया त्याच्याकडे पाहत राहिली.

"माँ कहाँ है तेरी?"

"पुणे में."

"कल ही फोन लगा है. चल, पहला फोन तू कर. बता दे, खाना खा लिया."

नव्या रंगाच्या वासात, पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवलेल्या लाल फोनवरून विनयाने नंबर फिरवला.

"जेवलीस का गं?" आईने विचारलं.

"जेवले. अर्धा पराठा टाकला पानात."

"टाकलास? तू?"

"हो. आणि आई, प्रयोगशाळेत कळवून टाक. मी पुण्याला येत नाहीये. मी इथेच राहणार आहे."