टाळी ‘यार’वर

“फर-यार-दाख्स-तार्त!” कणीक मळता मळता सुलभानं ‘यार’वर टाळी दिली. पीठ उडालं ते थेट प्रमोदच्या चहात.

“अगं, नुसतं हॅपी बर्थडे म्हण की!”

“ट्रूस आजींचं इंग्लिश त्या विसरण्याच्या आजारात पुसलंच गेलंय हो. उरलंय ते लहानपणचं डच. घरात माणसं असून बाई मुकी बसते. एक तरी शब्द तिच्या माहेरचा नको का न्यायला?”

ट्रूस आजी म्हणजे न्यूझीलंडच्या रोटोटुनातल्या त्यांच्या शेजारीणबाई. त्यांची मुलगी मरायके हिनं ‘वाढदिवसाचा केक’ एवढा सगळा एका डच शब्दात बसवून कॅसेटवर भरून दिला होता. सुलभा तर थक्कच झाली. शब्दाला शब्द गुंफलेला, जणू घट्ट वेणी. पेड सुटे करून म्हणता येतात, पण जोर एकाच पेडावर! भजनी मंडळात वाढलेल्या सुलभानं ठरवून टाकलं, जोर म्हणजे सम. आणि समेवर टाळी हवीच. आठवडाभर स्वयंपाकघरात तोच ठेका. प्रमोदचे कान किटले.

वाढदिवसाला आजी खिडकीशी, कुणाकडेही न बघता बसलेल्या. मरायकेनं तिथल्या माओरी रीतीनं नमस्कार केला, “किया ओरा, सुलभा! रेडी?”

सुलभा मलईचा केक दोन्ही हातांत धरून पुढं झाली.

“फर…”

‘यार’ला टाळी खणखणीत वाजली. केक गालिच्यावर.

“अगं बाई!” सुलभा रडवेली झाली. प्रमोद मागच्या मागे सुपरमार्केटकडे पळाला.

आजींनी मान वळवली. गालिच्याकडे पाहिलं, सुलभाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःचे सुरकुतलेले हात उचलले. “फर…” आणि टाळी. “यार!” पुढचे दोन पेड त्यांनी इतके अलगद सोडले, की सुलभाच्या अंगावर काटा आला. एवढ्याशा शब्दात बाईचं अख्खं गाव उभं राहिलं होतं.

“आई बोलली!” मरायके धावत आजींजवळ आली. आजी थांबेचनात. पुन्हा शब्द, पुन्हा टाळी. सुलभाही साथीला.

तेवढ्यात प्रमोद दारात आला, दोन्ही हातांवर नवा केक. “अहो, आधी खाली ठेवा तो!” सुलभा ओरडली.

पण आजींचं “फर” तोवर होऊन गेलं होतं, आणि आठवडाभर तोच ठेका ऐकलेले प्रमोदचे हात समेवर आले.