सासरेबुवांची परतीची गाय

बायको कामात आहे, तेव्हा जेवणासाठी तिला हाक मारायची नाही, आपलं आपण काहीतरी करून खायचं, असं हिसानोरीने त्या दुपारी ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं. दुसऱ्याचा विचार करायची त्याला फारशी सवय नव्हती. सवय नसलेलं काम माणसाने एकदम ओबोनच्या दिवसांत, पितर घरी आलेले असताना सुरू करू नये.

कुमागाया गावाचा उन्हाळा काय सांगावा! घरातल्या एकुलत्या एक पंख्याने आतल्या खोलीत मिचियोच्या टेबलाकडे तोंड केलेलं होतं. दार बंद होतं आणि आतून टाकाची कुरकुर ऐकू येत होती. टाकाला पंखा आणि नवऱ्याला दार, ही त्या घरातली वाटणी जुनीच होती.

मिचियो भुतांची चित्रकथा काढायची. ‘जिन्याखालची मैत्रीण’ ही तिची मालिका एका मासिकात कितीतरी वर्षं चालली होती. कोझुए नावाची शाळकरी मुलगी आणि शाळेच्या जिन्याखाली राहणारी सायो नावाची भुताची पोर, यांची ती गोष्ट. दोघी एकमेकींच्या वेण्या घालत, डबा वाटून खात (सायोच्या वाटणीचा भात भरलेलाच परत यायचा, फक्त थंडगार), आणि असं सगळं छान चाललेलं असताना पान उलटलं की जिन्याच्या फटीतून तिसराच कोणाचा तरी हात बाहेर यायचा. हिसानोरी गाद्यांच्या कारखान्यात कारकून होता. बायकोची कथा तो आवडीने वाचायचा, पण दिवसाढवळ्या आणि शेजारी कोणीतरी बसलेलं असताना.

आता मात्र ती मालिका बंद होणार होती. मासिकाच्या शेवटच्या पानावर मत नोंदवायचं कार्ड असतं, आणि मिचियोच्या नावाने येणारी कार्डं रोडावली होती. संपादिका शिनोझाकीबाई येऊन अगदी मऊ आवाजात सांगून गेल्या, की हा अंक शेवटचा. ओबोन संपताना, पितर परत जातात त्या वांग्याच्या गायीवर सायोला बसवा, कोझुएकडून गोड निरोप द्या आणि आटपा. मिचियो ‘बरं’ म्हणाली. बाई गेल्यावर मात्र ती रडली, आणि नंतरही रोज काम करताना रडत होती. चित्रावर थेंब पडला की पांढरा रंग लावायचा, तो वाळेपर्यंत पुन्हा रडायचं, असा तिचा दिवस चालला होता. त्या दोघी पोरींना निरोप द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तर हिसानोरीने फ्रिज उघडला. आत एक खारवलेला आलुबुखार, शाईची बाटली आणि एक वांगं होतं. वांगं चांगलं गुबगुबीत, जांभळं, चकचकीत. त्याने ते उलटं केलं, तर पोटाला चार भोकं पाडलेली. वांगं भाजताना फुटू नये म्हणून आधी टोचून ठेवतात, हे हिसानोरीला ठाऊक होतं. त्याचा ऊर भरून आला. एवढ्या कामात, एवढ्या दुःखातसुद्धा बायकोने आपल्यासाठी वांगं टोचून ठेवलं! (लग्नाला इतकी वर्षं होऊनही माणूस बायकोबद्दल असे गैरसमज करून घेतो, याला प्रेमच म्हणायचं.)

त्याने ते गॅसवर जाळी ठेवून भाजलं, साल काढली, वर किसलेलं आलं, सुक्या माशाचा कीस, सोया सॉस. शेजारी जवाचा गार चहा. वांगं असं काही जमून आलं होतं, की हिसानोरी एकटाच मान डोलावत राहिला. ताटली धुऊन ठेवताना त्याला फ्रिजच्या डोक्यावर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. उघडून पाहिलं, तर तागाच्या काड्यांचे चार तुकडे. सारख्या लांबीचे. टोकाला जांभळा डाग लागलेले.

हिसानोरी तसाच पुढच्या खोलीत पूर्वजांच्या देव्हाऱ्यापाशी गेला. एरवी तो तिकडे पाहायचं टाळत असे, कारण तिथे सासऱ्यांचा फोटो होता. सासरे गेन्पेइ हे स्टेशनमास्तर होते. त्यांच्या हयातीत त्यांच्या स्टेशनातून गाडी कधी उशिरा सुटली नाही. लग्नाच्या बोलणीत त्यांनी हिसानोरीला जेवताना नीट पाहिलं होतं आणि घरी जाऊन म्हणाले होते, “मुलगा वाईट नाही. पण त्याला ताटाबाहेरचं काही दिसत नाही.” फोटोतही ते तेच म्हणत असल्यासारखे बघायचे.

फोटोपुढे काकडीचा घोडा उभा होता. पितरांनी यावं लवकर, म्हणून घोडा. जावं सावकाश, सामानसुमान घेऊन, म्हणून वांग्याची गाय. घोडा होता, गाय नव्हती. मिचियोने ती चित्र काढायला टेबलावर नेली असणार, उन्हाने सुरकुतू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवली असणार, आणि फळीवर मावेना म्हणून पाय काढले असणार. आणि सासरेबुवांची परतीची गाय आत्ता त्यांच्या जावयाच्या पोटात होती, आल्यासकट.

त्याच संध्याकाळी पितरांच्या निरोपाचा जाळ पेटवायचा होता, आणि त्यासाठी सासूबाई यायच्या होत्या. हिसानोरी सायकल काढून सुटला. भाजीवाला ओबोनसाठी गावी गेलेला. मोठ्या दुकानात वांग्यांचा ढीग असायचा तिथे नुसती पाटी, कारण अख्ख्या गावाने गायी करायला वांगी नेली होती. शेवटी लोणच्याच्या फळीवर त्याला एक मुरवलेलं वांगं मिळालं. घरी येऊन त्याने त्याला चार पाय लावले. गाय उभी राहिली, क्षणभर विचार केला आणि बसली. पुन्हा उभी केली, तर या वेळी आडवीच झाली.

सासूबाई तोमेको आल्या त्या थेट देव्हाऱ्याकडे. हात जोडले, घंटा वाजवली, आणि गायीकडे पाहत राहिल्या.

“ही बसलीय का?”

“दमली असेल, आई,” हिसानोरी म्हणाला. “ऊन किती आहे.”

“आणि हिला व्हिनेगरचा वास का येतोय?”

हिसानोरी खिडकी उघडायला धावला. तेवढ्यात मिचियो बाहेर आली, डोळे सुजलेले, बोटं काळी. शेवटची पानं राहिलीत, तेवढी गाय जरा टेबलावर नेते, म्हणाली, आणि फ्रिज उघडून उभी राहिली. मग तिने गॅसवरची जाळी पाहिली. मग नवऱ्याकडे.

“अहो,” ती म्हणाली, “खाल्लंत?”

हिसानोरीने मान खाली घातली. चार भोकांचं सांगितलं, आल्याचंसुद्धा सांगितलं. चव चांगली होती, हेही बोलून गेला, ते नको होतं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या स्टेशनमास्तरांच्या बायको होत्या, गोंधळ झाला की आधी गाडीचं बघायचं हे त्यांना माहीत होतं. जाळासाठी दारात रचून ठेवलेल्या काड्या त्यांनी उचलून परत पिशवीत भरल्या.

“गाडीच नाही, तर हिरवा झेंडा कुणाला दाखवायचा?” त्या म्हणाल्या. “माणूस आलाय, जायला वाहन नाही. राहतील ते इथंच. जावईबापू, त्यांना गादी घाला.”

हिसानोरी गाद्यांच्या कारखान्यात होता खरा, पण सासऱ्यांसाठी गादी घालायची म्हणताच त्याला घरात गादी कुठे असते तेच आठवेना. त्याने देव्हाऱ्यापुढे आसन टाकलं. त्याच वेळी आतल्या खोलीतला पंखा मान फिरवत फिरवत त्या आसनाकडे वळला आणि तिथेच अडकला. एवढी वर्षं बायकोची चित्रकथा वाचूनही आपण भुतांना घाबरत नाही, असं तो कारखान्यात सांगत असे. आता तो सासूबाईंच्या मागे जाऊन उभा राहिला.

मिचियो मात्र हलली नाही. ती त्या बसलेल्या गायीकडे पाहत होती.

“जायला वाहन नाही,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे तिला जाताच येणार नाही.”

“तिला नाही गं, त्यांना,” हिसानोरी म्हणाला.

मिचियोने ऐकलंच नाही. ती आत गेली, आणि निरोपाची ती गोड पानं टराटरा फाडल्याचा आवाज आला. हिसानोरीला वाटलं, संपलं, आता हिचा संसारावरचा विश्वासच उडाला. पण थोड्या वेळाने दार किलकिलं झालं.

“अहो, इकडे या. वांगं खाताना तोंड कसं केलं होतंत, ते करून दाखवा.”

त्याने दाखवलं. मग ते पुन्हा दाखवलं, बाजूने दाखवलं, आल्याचा झटका बसल्यावरचं दाखवलं. सासूबाईंनी भात लावला. हिसानोरी पेन्सिलीच्या रेघा खोडत होता, केसांत काळी शाई भरत होता, आणि अधूनमधून पंख्याकडे बघत होता. उजाडलं तेव्हा कथा तयार होती: कोझुएचा खादाड मामा सायोची गाय भाजून खातो. सायोला परत जाता येत नाही. दोघी मैत्रिणी आनंदाने नाचतात. आणि शेवटच्या पानावर, नेमलेल्या वेळी आली नाही म्हणून, पलीकडून कोणीतरी तिला शोधायला निघालेलं असतं, आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर त्याचे ओले पाय उमटलेले असतात.

शिनोझाकीबाई पानं न्यायला आल्या. निरोपाची कथा हवी होती, ती नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग मामाच्या पानावर त्या फस्सकन हसल्या. शेवटच्या पानावर त्यांनी पाय वर घेतले. हिसानोरी चहा घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

“बंद करायची म्हणून मी सांगितलं होतं,” त्या मिचियोला म्हणाल्या. “पण हे ओले पाय आता जिना कसे उतरणार? मलाच कळल्याशिवाय झोप लागायची नाही. नेते मी हे. भांडते वर.”

त्या भांडल्या. अंक निघाला. आणि मग कार्डं येऊ लागली. आधी थोडी, मग गठ्ठेच्या गठ्ठे. पोरींनी लिहिलं होतं, सायोला पाठवू नका. आयांनी लिहिलं होतं, असला मामा आमच्याकडेही आहे. ‘जिन्याखालची मैत्रीण’ मासिकात पहिली आली, जी आजवर कधी आली नव्हती. मालिका बंद करायचा विषयच मिटला. शिनोझाकीबाईंचा फोन आला तेव्हा मिचियो स्वयंपाकघरात मटकन खाली बसली आणि शाईच्या हातांनी तोंड झाकून रडली, आणि या वेळी चित्रावर पांढरा रंग लावायची गरज नव्हती. मग तिने हिसानोरीचा चेहरा हातांत धरला, आणि त्याच्या गालांवर दोन काळे पंजे उठले. ते तसेच घेऊन तो दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला आणि कोणी विचारलं नाही तरी कारण सांगत सुटला.

सासरेबुवांचं म्हणाल, तर भाजीवाला गावाहून परतताच सासूबाईंनी ताजं वांगं आणून त्यांना सन्मानाने रवाना केलं. त्यांच्या हाताखालून सुटलेली पहिली उशिराची गाडी ती हीच, आणि उशिराचं कारण कोण, हे सांगायला नको.

हिसानोरीला आता आपण या यशाचे निम्मे धनी आहोत असं वाटू लागलं. पुस्तकांच्या दुकानात मिचियो सह्या देणार होती, तिथे तो नवा शर्ट घालून गेला आणि मुद्दाम रांगेच्या बाजूने फेऱ्या मारू लागला, कोणी ओळखतं का बघायला. एका चिमुरडीने ओळखलं. तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं, आणि हळूच आपल्या डब्याचं झाकण लावून घेतलं. पात्रांच्या लोकप्रियतेचा कौल निघाला, त्यात सायो पहिली, कोझुए दुसरी, तिसरी वांग्याची गाय. मामा बराच खाली होता, ओल्या पायांच्याही खाली.

पुढच्या ओबोनला सासूबाई आल्या त्या दोन वांगी घेऊन. त्यांनी देव्हाऱ्यापुढे दोन गायी उभ्या केल्या. एक साधी, आणि दुसरीच्या पाठीवर पांढऱ्या शेवयांची लड नीट दुमडून टाकलेली.

“एक यांना जायला, एक तुम्हाला खायला, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “म्हणजे कुणाची गैरसोय नको. आणि यांना मी सांगितलंय सगळं. म्हटलं, त्याला ताटाबाहेरचं दिसत नाही ते बरंच आहे. दिसलं असतं तर आपल्या पोरीची मालिका गेली असती.”

हिसानोरीचे डोळे भरून आले. या घरात सासऱ्यांच्या शेजारी त्याच्यासाठी काही मांडलं गेलं, ते आज पहिल्यांदा. सासूबाई निरोपाच्या काड्या रचायला दारात गेल्या. त्याने फोटोला डोळ्याला डोळा देऊन नमस्कार केला, आपली गाय उचलली, पाय काढले, भाजली, आलं घातलं, आणि सोबतच्या शेवयासुद्धा सोया सॉसमध्ये बुडवून संपवल्या. आईंनी किती आठवणीने ठेवल्या होत्या!

सासूबाई आत आल्या. देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या रिकाम्या ताटलीकडे.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “शेवयांचा लगाम घातलेली यांची होती.”

आतल्या खोलीत टाकाची कुरकुर थांबली, आणि कोरा कागद ओढून घेतल्याचा आवाज आला.