‘डॉक्टर न्हाई’ सर

माने सरांकडे मन मोकळं करायला आलेल्या माणसाला आधी पिशवी मोकळी करावी लागते. घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या घेऊन या, असा त्यांचा पहिला निरोप असतो. पिशवी टेबलावर पालथी झाली की सर चष्मा कपाळावर चढवतात आणि मी तांदूळ निवडते तसं एकेक पाकीट निवडत बसतात. रडायला आलेला माणूस रडायचं विसरतो.

सर खंडाळ्याकडचे. सहा वर्षं झाली, माधवनगरला आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहतात. एकटेच असतात. लोकांशी बोलून त्यांच्या मनाची दुखणी हलकी करायची, हे त्यांचं काम. त्याला समुपदेशन म्हणतात. औषध लिहून द्यायचा त्यांना अधिकार नाही, आणि हे ते इतक्यांदा सांगतात की गल्लीत त्यांचं नाव ‘डॉक्टर न्हाई सर’ पडलं आहे. भाजीवालीने नुसतं झोप येत नाही म्हटलं, तरी आधी "मी डॉक्टर नाही हां," आणि मग अर्धा तास प्रश्न. तोवर तिची मेथी सुकते.

मग गोळ्यांचा एवढा सोस कशाला, असं मी एकदा तोंडावर विचारलं.

"अक्का, गाडी मी चालवत नाही," सर म्हणाले. "पण शेजारी बसलोय, तर ब्रेक कुठला एवढं तरी कळायला नको?"

त्यांची एक जाड वही आहे. कुठल्या गोळीने झोप येते, कुठल्या गोळीने तोंड कोरडं पडतं, कुठली घेऊन माणूस फुगतो, कुठली लागू पडायला तीन-चार आठवडे जातात आणि तेवढ्यात कंटाळून माणूस ती गटारात टाकतो, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. "घरचे म्हणतात बाई आळशी झाली. मी आधी बघतो, बाई आळशी आहे की गोळी जड आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शंका आली की डॉक्टरांना चिठ्ठी लिहितात. स्वतः मात्र अर्धी गोळी कमी करत नाहीत की वाढवत नाहीत.

हा सोस लग्नातही सुटत नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात वरपक्षाकडचा एक पाहुणा जेवताना चौथ्यांदा पाणी मागत होता. सरांनी ताटावरून वाकून त्याला विचारलं, तोंडाला कोरड कधीपासून पडते? पाहुणा ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. आमटी तिखट झाली होती, एवढंच. मी चार दिवस सरांशी बोलले नाही.

गेल्या भाद्रपदात मात्र मला त्यांचा सोस कळला. माझी धाकटी जाऊ राजमती मागच्या घरात राहते. तिचं मन कधी आभाळात असतं, कधी विहिरीच्या तळाला. त्यासाठी सांगलीच्या डॉक्टरांची गोळी बरीच वर्षं चालू आहे आणि ती तिला मानवली आहे. सरांना मात्र तिने हे कधी कळू दिलं नव्हतं. रोज तोंड दिसणाऱ्या माणसाला कशाला सांगायचं, म्हणायची.

आम्हा जैनांत दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाहीत. पर्युषणात राजमतीने त्याच्याही पुढची पायरी धरली. दिवसातून एकदाच जेवण आणि तेव्हाच पाणी. गोळी तेवढी चुकवली नाही. सातव्या दिवशी तिचे हात लटलट कापायला लागले. दोनदा उलटी झाली. भिंत धरून चालायला लागली. मंदिरातल्या बायका येऊन तिच्या पाया पडून गेल्या, केवढं तप म्हणून. मलाही तसंच वाटलं. म्हातारपणाने शहाणपण येतं म्हणतात, ते खोटं आहे.

मी तिच्याजवळ बसले होते, तेव्हा सर विरजण मागायला मागच्या घरी आले आणि त्यांना तिचे हात दिसले. जेवण किती, पाणी किती, प्रश्न सुरू झाले. मी सहज बोलून गेले की यंदा तिने मीठही सोडलंय. सरांनी वाटी खाली ठेवली.

ती काही गोळी घेते का, म्हणाले. मी तिच्या उशाखालचं पाकीट काढून दिलं. ते बघून सरांनी उभ्या उभ्या डॉक्टरांना फोन लावला. ती गोळी म्हणजे एक प्रकारचा क्षारच असतो म्हणे. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की तो बाहेर जात नाही, साठत जातो आणि विष होतो. डॉक्टरांनी सांगितलं, आजची गोळी देऊ नका, तिला आत्ता घेऊन या.

राजमती उठेना. जीभ अडखळत होती, हट्ट अडखळत नव्हता.

"तीन दिस ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "व्रत मोडून मी न्हाई यायची."

मी तिला चार शिव्या घातल्या. उपयोग झाला नाही. मग सर तिच्यासमोर फरशीवर बसले.

"वहिनी, माझा धाकटा भाऊ असाच गोळीवर होता," ते म्हणाले. "अंगणात सारखा येरझाऱ्या घालायचा. मी हे नुकतंच शिकून आलो होतो. म्हणायचो, बस, श्वासाकडं बघ. त्याला बसवतच नव्हतं. ते गोळीमुळं होतं. डॉक्टरांच्या कानावर घातलं असतं तर बदलून मिळाली असती. मला ठाऊक नव्हतं. त्यानं सगळ्या गोळ्या टाकल्या आणि घर सोडलं."

"मग?"

"नऊ वर्षं झाली."

राजमतीने पदर खांद्यावर ओढून घेतला. मग मला म्हणाली, "अक्का, चप्पल कुठं हाय माझी?"

चार दिवस दवाखान्यात सलाईन लावून ती बरी होऊन आली. पाया पडून गेलेल्या बायकांना मी बोलावून घेऊन खरं काय ते सांगितलं. त्यांना आवडलं नाही.

सर महिन्यातून एका शनिवारी पहाटेच्या एसटीने जातात. मला वाटायचं, गावाकडे शेत असेल. दवाखान्यात बसल्या बसल्या सरांकडूनच कळलं, ते त्यांच्या खंडाळ्याजवळच्या शिरवळला जातात. तिथल्या कारखान्यांच्या फाटकासमोर, पाळी सुटायच्या वेळी उभे राहतात. भाऊ तिकडे दिसला होता, असं कुणीतरी एकदा सांगितलं होतं.

या शनिवारी राजमतीने त्यांच्यासाठी डबा केला. सरांनी झाकण काढून बघितलं. एवढ्या पोळ्या मला कशा संपायच्या, म्हणाले.

"एकट्याला न्हाईत त्या," राजमती म्हणाली आणि आत निघून गेली.

सरांनी झाकण लावलं, डबा पिशवीत नीट उभा ठेवला आणि गाडीला अर्धा तास असतानाच निघाले.